प्रत माहितीसाठी

नगरपालिकेच्या जावक विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाने निवृत्त झाल्यावर काय करावं, याबद्दल कुठेही नियम नाही. आणि नियम नसला की जावककाकांना चैन पडत नसे. कार्यालयातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या हातून जायचा, म्हणून सगळी इमारत त्यांना जावककाका म्हणायची. त्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. निवृत्तीनंतरचा पहिला महिना त्यांनी घरातल्या वस्तूंना क्रमांक देण्यात घालवला. पंख्याला सात मिळाला, चहाच्या गाळणीला एकवीस. शेवटी काकूंनी ती एकवीस नंबरची गाळणी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही आता काहीतरी बाहेरचं बघा." तेव्हा काकांनी जाहीर केलं की आपण रहस्यकादंबरी लिहिणार आहोत.

रहस्यकादंबरीच का, याचं कारण खाजगी होतं आणि ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेलं असायचं. काकू वाचनालयातून आठवड्याला दोन रहस्यकादंबऱ्या आणत. एकदा पुस्तक उघडलं की त्यांचे कान बंद होत. दूध उतू जावो, बेल वाजो, नवरा तीन वेळा "चहा ठेवू का?" विचारो, त्यांना काही ऐकू जात नसे. एकदा काका स्टुलावरून पडले, तर प्रकरण संपल्यावर मान वर करून त्यांनी विचारलं, "काही म्हणालात का?" आता गंमत बघा, एकतीस वर्षांत काकांनी लाखभर कागद लिहिले असतील, पण काकूंनी त्यांचं काहीच कधी तिसऱ्या ओळीपुढे वाचलं नव्हतं. साखरपुड्यानंतर पाठवलेली पत्रंसुद्धा नाही. "विषय आणि संदर्भ वाचूनच माझं पोट भरतं," असं त्या म्हणत. काकांना कीर्ती नको होती, छापील पुस्तकसुद्धा नाही मिळालं तरी चालणार होतं. त्यांना एवढंच हवं होतं, की आपण "चहा ठेवू का?" विचारावं आणि आपलंच लिखाण हातात असल्यामुळे काकूंना ते ऐकू जाऊ नये.

विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. तो दर रविवारी घरी येऊन सोफ्यावर बसत होता. काकूंचा धाकटा भाऊ, म्हणजे काकांचा मेहुणा, येत्या निवडणुकीला उभा राहणार होता. काकूंचे वडील पस्तीस वर्षांपूर्वी नगरपालिकेचे अध्यक्ष होते, आणि काय बोलायचे म्हणता. त्यांचं भाषण असलं की दुकानदार शटर अर्धं ओढून ऐकायला जात. ते जाऊनही नऊ वर्षं झाली होती, पण गावातले म्हातारे अजून त्यांची वाक्यं तोंडपाठ म्हणून दाखवत. "भावोजी, बाबांचा वारसा माझ्या रक्तात आहे," असं मेहुणा छातीवर हात ठेवून सांगायचा, दुसऱ्या वाक्याला अडखळायचा आणि पाणी मागायचा. सासऱ्यांनी जावयाविषयी मात्र आयुष्यात एकच वाक्य काढलं होतं. "जावई पाकिटं चांगली चिकटवतात." ते वाक्य काकांनाही तोंडपाठ होतं.

तेव्हा कादंबरीत एक राजकीय घराणं आलं, एक थोर नेता आला, त्याचा संशयास्पद मृत्यू आला, आणि वारशावरून भांडणारी मुलं-सुना आल्या. शिवाय एक लोखंडी कपाट आलं. हे कपाट काकांनी सरळ नगरपालिकेतून उचललं होतं. अध्यक्षांच्या दालनात ते खरोखरच होतं, सासऱ्यांच्या काळापासून बंद. त्याला तीन किल्ल्या होत्या. दोन हरवल्याची नोंद होती, तिसरीची नोंदच नव्हती. फोडायला मंजुरी लागते आणि मंजुरी मागायला कारण लागतं, म्हणून पस्तीस वर्षं कोणी त्याच्या वाटेला गेलं नव्हतं. काकांनी कादंबरीला नाव दिलं ‘तिसरी किल्ली’. काकूंना सांगितलं की ही टपाल खात्यावर आहे. त्या लगेच पुस्तकाकडे वळल्या.

आता लिहायचं कसं? काकांना एकच लिहिणं येत होतं. त्यामुळे पहिल्या पानावर विषय आणि संदर्भ आले आणि पुढे प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक पडला. ‘२.१ सदर नायिका रडली. २.२ वरीलप्रमाणे पुन्हा रडली.’ खुनाचा प्रसंग त्यांनी जीव ओतून लिहिला, पण त्यात ‘खुनी कोण याबाबत कृपया परिच्छेद ३१.४ पाहावा’ असंही प्रामाणिकपणे नमूद केलं. वाचणाऱ्याची गैरसोय होऊ नये, हा त्यांचा जन्माचा स्वभाव.

काका राहत होते त्या इमारतीत ही बातमी लपून राहणं शक्यच नव्हतं. वरच्या मजल्यावरचे होमिओपॅथीचे डॉक्टर वही घेऊन आले आणि विष कोणतं द्यायचं यावर तासभर बोलले. त्यांच्या औषधाने माणूस मरायला सहा वर्षं लागली असती, आणि तीसुद्धा पथ्य पाळलं तर. खालच्या मजल्यावरच्या भूमितीच्या निवृत्त बाई जास्त कडक होत्या. त्यांनी जिन्यात उभ्या उभ्याच कथानक तपासलं. "कपाट बंद आहे हे पक्ष. आत रहस्य आहे हे साध्य. सिद्धता कुठे आहे?"

"ती पुढे येईल," काका म्हणाले.

"पुढे म्हणजे कुठे? माझ्या वर्गात असं चाललं नसतं."

बाईंचं बोलणं काकांना लागलं, कारण खरी अडचण तीच होती. छत्तीस प्रकरणं कपाटाभोवती हिंडून झाली, तरी कपाटात काय आहे हे काकांनाच माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सांगाडा ठेवा. बाई म्हणाल्या, जुळ्या भावाचे कागद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजू समान होतील. पण काका होते जावक विभागातले. त्यांच्या मते कपाटात कागदच असणार, आणि कागदाचं रहस्य एकच असू शकतं, की तो लिहिला एकाने आणि सही दुसऱ्याची. ज्याने लिहिलं त्याची सही नसेल तर त्यांनी एकही कागद कधी बाहेर सोडला नव्हता. मोठमोठ्या साहेबांना त्यांनी टेबलापाशी उभं करून ठेवलं होतं. म्हणून सदतिसाव्या प्रकरणात त्यांनी लिहिलं, की कपाटात त्या थोर नेत्याची सगळी गाजलेली भाषणं सापडतात, आणि ती दुसऱ्याच कोणाच्या तरी अक्षरात असतात. कोणाच्या, हे अजून ठरायचं होतं. सुचेना, म्हणून तिथेच थांबून त्यांनी एवढा भाग टाइप करायला द्यायचं ठरवलं.

आणि इथे घात झाला. कागद संपला की खाली ‘प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असं लिहायचं आणि कोणाकोणाला पाठवायची ती यादी द्यायची, ही एकतीस वर्षांची सवय. हात आपोआप चालला. पहिली प्रत मुख्याधिकारी, नगरपालिका. दुसरी प्रत निवडनस्ती, म्हणजे कार्यालयातली जपून ठेवायची फाइल. काकांनी त्याखाली शेवटची रेघ ओढून गठ्ठा कोपऱ्यावरच्या टायपिंगवालीकडे दिला. ती बाई वीस वर्षं नगरपालिकेचं काम करत आलेली. तिच्या दुकानातून नगरपालिकेचं टपाल रोज दुपारी शिपाई घेऊन जायचा. तिने टाइप केलं, यादी पाहिली, यादीप्रमाणे प्रती काढल्या आणि रवाना केल्या. एका अक्षराची चूक नव्हती, हे काकांनी नंतरही मान्य केलं.

आठ दिवसांनी घरी पत्र आलं. काका गच्चीत कपडे वाळत घालत होते, म्हणून ते काकूंनी घेतलं. काका खाली आले तेव्हा काकू उभ्यानेच वाचत होत्या, आणि तिसरी ओळ केव्हाच मागे पडली होती. दुसऱ्या कोणाचं तरी पत्र बायकोने शेवटपर्यंत वाचलं याचा काकांना क्षणभर हेवा वाटला. मग त्यांनी मजकूर पाहिला. ‘आपण कळवलेल्या माजी अध्यक्षांच्या संशयास्पद मृत्यूच्या अनुषंगाने दालनातील कपाट वारसांच्या समक्ष उघडण्याचे निश्चित झाले आहे. तरी आपण सहकुटुंब उपस्थित राहावे. तिसरी किल्ली कोणाच्या ताब्यात आहे, याचा खुलासा सोबत आणावा.’

"ही टपाल खात्यावर आहे ना?" काकूंनी विचारलं.

"पत्रांचा उल्लेख आहे त्यात," काका म्हणाले.

"म्हणजे माझ्या बाबांचा खून केलात तुम्ही."

"नुसता कादंबरीत. आणि त्यांना त्रास झाला नाही फार."

"आणि कपाटात काय ठेवलंत?"

"भाषणं. दुसऱ्याच्या अक्षरातली."

काकूंनी पत्राची घडी घातली. ती नीट बसली नाही म्हणून उलगडून परत घातली. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. दुसरं काही सुचेना."

त्यानंतर काकू चार दिवस कामापुरतंच बोलल्या. पुस्तकसुद्धा उघडलं नाही, आणि हेच काकांना सगळ्यात भयंकर वाटलं. बायकोने वाचावं म्हणून सुरू केलेल्या कामाने तिचं वाचनच थांबवलं होतं. सासऱ्यांचा माणसाला राग असतो तो असतो, पण तो असा टाइप करून वाटायचा नसतो, हे त्यांना मनापासून पटलं. ते तडक नगरपालिकेत गेले आणि आपला कागद परत मागितला.

आवकच्या टेबलावर त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या बाई होत्या. त्यांनी काकांना आपली खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हात जोडले. "काका, आवक झालेला कागद परत द्यायचा नाही हा नियम कोणाचा?"

"माझा," काका म्हणाले.

"मग? त्यावर निर्णय झाल्याशिवाय तो हलत नाही. आणि खरं सांगू का, आम्हालाही किल्लीचं कळायचंय."

त्यांनी फाइल दाखवली. कादंबरी सगळ्या विभागांतून फिरून आली होती आणि प्रत्येकाने आपला शेरा मारला होता. ‘परिच्छेद १२ मधील थोरल्या सुनेचे वर्तन संशयास्पद वाटते.’ खाली, ‘सहमत.’ पाणीपुरवठा विभागाने लिहिलं होतं, ‘नायिकेच्या रडण्याबाबत या विभागाकडे नोंद नाही.’ बांधकाम विभागाने पळून जाणाऱ्या खुन्याच्या जिन्याचा नकाशा मागवला होता. वाचकांची इतकी दाद कोणत्या लेखकाला मिळते? पण काकांना त्या घडीला एकच वाचक हवी होती, आणि ती घरी तोंड फिरवून बसली होती.

ठरलेल्या दिवशी सगळे अध्यक्षांच्या दालनात जमले. मेहुणा इस्त्रीच्या कपड्यांत आला आणि येताना फोटोग्राफर घेऊन आला. वडिलांचं कपाट उघडतंय म्हटल्यावर आतून वारसाच बाहेर पडणार अशी त्याची समजूत होती. डॉक्टर आणि भूमितीच्या बाई पंच म्हणून स्वतःहून हजर होते. मुख्याधिकारी साहेब हा तरुण, गंभीर माणूस होता. त्यांनी कादंबरी पुढ्यात ठेवली होती आणि मधूनमधून ती चाळत होते.

कुलूपवाल्याने अर्धा तास खटपट केली. मग पहार मागवली. पहार दाराच्या फटीत घातली तेव्हा लोखंड असं कुरकुरलं की बाईंनी कानांवर हात ठेवले.

"थांबा," काकू म्हणाल्या. "चांगलं कपाट आहे. वाकवू नका."

त्यांनी पर्स उघडली, त्यातून बटणांची छोटी डबी काढली, आणि डबीतून एक किल्ली काढून साहेबांच्या हातात दिली. ही डबी काकांनी स्वतः पाहिली होती. तिला एकोणचाळीस क्रमांक दिला होता, पण आत बघितलं नव्हतं.

"ही तुमच्याकडे कशी?" साहेबांनी विचारलं.

"बाबांनी दिली होती. सांभाळ म्हणाले."

"साध्य जवळ येतंय," भूमितीच्या बाई डॉक्टरांच्या कानात म्हणाल्या.

कपाट किल्लीने लागलीच उघडलं. आत फक्त कागद होते, सुतळीने बांधलेले गठ्ठे, वर तारखा. साहेबांनी पहिला कागद काढून वाचायला सुरुवात केली, आणि दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शिपायाने पुढचं वाक्य तोंडपाठ म्हटलं. तेच ते गाजलेलं भाषण. मेहुण्याने फोटोग्राफरला खूण केली. पण काकांचं लक्ष शब्दांकडे नव्हतं. अक्षर गोल होतं, ‘र’ला शेपटी होती, आणि वाक्य खोडून पुन्हा नवं लिहिलेलं होतं, एकदा नाही, तीन-तीनदा. उतरवून घेणारा माणूस असं खोडत नाही, ज्याला सुचतंय तोच खोडतो. हेच अक्षर ते दर आठवड्याला लाँड्रीच्या यादीत पाहत होते.

"अध्यक्षसाहेबांचं अक्षर तर वेगळं आहे. जुन्या फाइलींतली त्यांची सही बघा," साहेब म्हणाले. "तुम्ही इथले जुने. हे कोणाचं ओळखता?"

मेहुण्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यालाही ते अक्षर माहीत होतं, त्याच्या शाळेच्या वह्यांना कव्हर घालून त्यावर नाव कोणी लिहिलं असेल? काकू खिडकीबाहेर बघत होत्या. सासऱ्यांचं नाव, मेहुण्याची निवडणूक, बायकोची अब्रू, सगळं आपल्या एका वाक्यावर आलंय, असं काकांना वाटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी थोर मनाने खोटं सांगितलं.

"लेखनिकाचं दिसतं," ते म्हणाले.

साहेबांनी तसं पंचनाम्यात लिहिलं. मेहुण्याने काकांचा हात इतका दाबला की अंगठी रुतली. काकांना स्वतःबद्दल फार बरं वाटलं. घरी जाताना रस्ताभर ते काकूंनी काहीतरी म्हणावं याची वाट बघत राहिले. काकू फाटकापाशी थांबल्या.

"लेखनिक होय मी?" त्या म्हणाल्या.

काका फाटकाच्या कडीकडे हात नेता नेता थांबले.

"अठरा वर्षांची होते. बाबांना दोन वाक्यं जोडता यायची नाहीत. मी लिहायची, ते पाठ करायचे. सभेत मी मागे उभी राहायची, लोक टाळ्या वाजवायचे, मी पण वाजवायची. मग म्हणाले, हे आपल्यातच राहू दे. राहू दिलं." त्यांनी फाटकाची कडी काढली. "इतकी वर्षं वाटायचं, कोणीतरी ते कपाट उघडावं. तुम्ही उघडलंत. आणि मग ‘लेखनिक’ म्हणालात."

काका त्या दिवशी जेवले नाहीत. एकोणतीस वर्षांच्या संसारात आपण बायकोला चहाचं विचारत राहिलो आणि ती इतकं का वाचते हे कधी विचारलं नाही, हे त्यांना फार लागलं. जिने हजारो माणसं उभ्या जागी थांबवली, तिला आपण विषय आणि संदर्भ वाचायला देत होतो. तिने तीन ओळी तरी वाचल्या हाच तिचा मोठेपणा.

रविवारी मेहुणा आला. सोफ्यावर न बसता कडेला उभा राहिला. काका टेबलाशी कोरा कागद घेऊन बसले होते.

"भावोजी, काय लिहिताय?"

"शुद्धिपत्रक. पंचनाम्यात चूक गेलीय, ती दुरुस्त करायची आहे."

"भावोजी, निवडणूक तोंडावर आहे. लोक काय म्हणतील? बाबांचं नाव—"

"राहू द्या हो," काकू खिडकीजवळून म्हणाल्या. इतक्या दिवसांनी त्यांनी पुस्तक उघडलं होतं, पण पान उलटलं नव्हतं. "मला सवय आहे."

"मला नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला, त्यामुळे तेच दचकले. "ज्याने लिहिलं त्याची सही नसेल तर मी कागद बाहेर सोडत नाही. साहेबांना सोडलं नाही मी. तुझ्या वडिलांचे गठ्ठेच्या गठ्ठे बिनसहीचे गेले, ते माझ्या आधी गेले म्हणून. आता नाही."

मेहुणा सोफ्याच्या कडेवर टेकला. तो माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त बोलता येत नव्हतं. "ताई, मग मी सभेत सांगू काय?"

"हेच सांग," काकू म्हणाल्या. "भाषणं माझ्या ताईची होती, म्हणावं. एवढं तुला न अडखळता येईल."

काकांनी लिहून संपवलं. परिच्छेदांना क्रमांक घालायला हात गेला होता, तो त्यांनी आवरला. खाली सवयीने ‘प्रत माहितीसाठी’ आलंच. पहिली मुख्याधिकारी. दुसरी मेहुणा. तिसरी निवडनस्ती, कायम जपण्यासाठी. मग ते उठले आणि तो कागद काकूंच्या उघड्या पुस्तकावर ठेवला.

‘अध्यक्षांच्या दालनातील कपाटाच्या पंचनाम्यात "अक्षर लेखनिकाचे दिसते" असे मी सांगितले. ते खोटे आहे. त्याऐवजी असे वाचावे, की सर्व भाषणे अध्यक्षसाहेबांच्या मुलीने वयाच्या अठराव्या वर्षी स्वतः रचली आणि स्वतः लिहिली. तिसरी किल्ली तिच्याकडेच होती. मी तिचा नवरा आहे. मी हे अक्षर एकोणतीस वर्षे फक्त लाँड्रीच्या यादीत वाचले, याबद्दल दिलगीर आहे. भाषणांवर आता तिची सही घेण्यात यावी.’

काकूंनी चष्मा नाकावर सरकवला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीपाशी काकांनी श्वास रोखला. काकू पुढे गेल्या, शेवटापर्यंत पोचल्या आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आल्या.

"चहा ठेवू का?" काकांनी विचारलं.

उत्तर आलं नाही.

"ताई, भावोजी चहाचं विचारतायत," मेहुणा म्हणाला.

काकूंना ऐकू गेलं नाही. काका पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले आणि एकवीस नंबरची गाळणी शोधू लागले.